गेटवरचा कॅमेरा रात्री ऑफलाइन का होतो? रिपीटर घेण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेटजवळच्या भिंतीवर वाय-फाय कॅमेरा लावला आहे. राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती, अंतर साधारण १५ मीटर. दिवसा लाइव्ह चित्र अडखळत का होईना दिसतं, पण अंधार पडला की ॲपमध्ये कॅमेरा सारखा ऑफलाइन होतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो. काढून राउटरशेजारी ठेवला की उत्तम चालतो. इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे, त्याच गेटवर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ न अडकता दिसतो. रीसेट दोनदा झाला. आता रिपीटर (वाय-फायचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं यंत्र) घ्यावा का?

आज घेऊ नका. तुमच्या वर्णनात एक गोष्ट अशी आहे, जिच्यामुळे मला सिग्नलच्या आधी वायरीचा संशय येतो.

कॅमेरा राउटरजवळ आणला तेव्हा तुम्ही त्याला वीज कशी दिली? बहुतेक डब्यातून आलेल्या मीटरभराच्या वायरीने. आणि गेटवर? तिथे लांब वायर किंवा जोडवायर असणार. म्हणजे त्या चाचणीत दोन गोष्टी एकदम बदलल्या, सिग्नल आणि वीज. कॅमेरा चालला तो नेमका कशामुळे, हे त्यातून कळत नाही. जवळजवळ प्रत्येक जण ही चाचणी करतो आणि 'बघा, वाय-फायच कमी पडतंय' असं ठरवून टाकतो.

त्यात तुमचा कॅमेरा जातो तो रात्री. अंधार पडल्यावर कॅमेऱ्यात तीन गोष्टी बदलतात. इन्फ्रारेड एलईडी (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश टाकणारे दिवे) लागतात, त्यामुळे कॅमेरा दिवसापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. चित्रात दाणे येतात आणि तेवढाच देखावा पाठवायला जास्त डेटा लागतो. शिवाय संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्या घरांतलं वाय-फाय जोरात चालू असतं. तिन्हींचा परिणाम वरवर सारखाच दिसतो, तरी खुणा वेगळ्या आहेत. विजेचा दोष असेल तर कॅमेरा पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू होतो, म्हणून एक-दोन मिनिटं गायब राहतो, आणि हे अंधार पडल्यावर लगेच सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. डेटा वाढल्याचा त्रास असेल तर चित्र अडकतं, मागे पडतं, पण कॅमेरा सहसा ऑफलाइन होत नाही. शेजारच्या गर्दीचा त्रास संध्याकाळी वाढतो आणि मध्यरात्रीनंतर निवळतो. तुमचा कॅमेरा पहाटे तीनलाही जातो का, एवढं ॲपमधल्या नोंदींत बघा.

विजेचा भाग नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ॲडॉप्टरवर ५ व्होल्ट लिहिलेले असतात, पण ते ॲडॉप्टरच्या तोंडाशी. वायर जितकी बारीक आणि लांब, तितके व्होल्ट वाटेतच कमी होतात. स्वस्त यूएसबी वायरीत विजेच्या तारा पुष्कळदा २८ गेजच्या, म्हणजे फार बारीक असतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. पाच मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, म्हणजे सुमारे २.१ ओहम. दिवसा कॅमेरा पाव अँपिअर घेत असेल तर वाटेत अर्धा व्होल्ट जातो आणि कॅमेऱ्याला साडेचार मिळतात. तो चालतो. रात्री एलईडी लागून करंट अर्ध्या अँपिअरवर गेला की एक व्होल्टहून जास्त पडतो आणि कॅमेऱ्याच्या हाती चारही उरत नाहीत. मग तो बंद पडतो.

एका घरी याच कारणासाठी मी संध्याकाळी कॅमेऱ्याखाली शिडी लावून उभा होतो. त्याआधी तिथे राउटर बदलून झाला होता, वाय-फायचा चॅनल (पट्ट्यातला ठरावीक भाग) बदलून झाला होता. उजेड कमी झाला तसा कॅमेऱ्यातून बारीकसा 'टिक' असा आवाज आला. लेन्समागचा फिल्टर सरकतो, त्याचा तो आवाज. काचेमागे एलईडींची मंद लाल धग दिसली आणि लगेच विझली. मिनिटभर काही नाही. मग पुन्हा टिक, पुन्हा धग, पुन्हा अंधार. वायरीच्या टोकाला व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर एलईडी बंद असताना ४.६ व्होल्ट, आणि एलईडी लागताक्षणी ३.९. ॲडॉप्टरपाशी मात्र काटेकोर ४.९. वायर जाड टाकली, ॲडॉप्टर अलीकडे आणला, तक्रार संपली. सिग्नलला कोणी हातही लावला नव्हता.

तुमच्याकडे मीटर नसेल तरी चालेल. एक रात्र ॲपमधून इन्फ्रारेड बंद ठेवा. चित्र काळं येईल, हरकत नाही, कॅमेरा ऑनलाइन राहतो का एवढंच बघायचं. राहिला तर दोष बहुधा विजेचा. याहून पक्की चाचणी म्हणजे गेटवरची तीच लांब वायर आणि तोच ॲडॉप्टर काढून घरात आणा, कॅमेरा राउटरशेजारी ठेवा आणि खोलीत अंधार करा. तिथेही बंद पडला, तर रात्री ऑफलाइन होण्यात वाय-फायचा दोष नाही.

उपाय सोपा आहे: जाड तारेची वायर, वायरीची लांबी कमी, आणि उघड्यावरच्या जोडांत पाणी शिरणार नाही अशी डबी. गेटजवळ नवा प्लग पॉइंट काढायचा असेल तर तो वायरमनकडूनच घ्या. लांब अंतर टाळता येत नसेल तर १२ व्होल्ट पाठवून कॅमेऱ्यापाशी कन्व्हर्टरने ५ व्होल्ट करता येतात. मात्र ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला 'थोडं जास्त दिलं तर पोहोचेल' म्हणून थेट जास्त व्होल्टचा ॲडॉप्टर कधीही लावू नका, कॅमेरा जळेल.

आता वाय-फायकडे. दिवसाही चित्र अडखळतं म्हणता, म्हणजे सिग्नलमध्येही काहीतरी उणं आहेच.

पहिला गैरसमज मोबाइलचा. 'तिथे मोबाइलवर व्हिडिओ चालतो' याचा अर्थ त्या जागी राउटरचं बोलणं ऐकू येतं. कॅमेऱ्याचं काम उलट्या दिशेचं आहे. त्याला ऐकायचं थोडं आणि बोलायचं पुष्कळ, तेही सतत. मोबाइल पुढचा व्हिडिओ आधीच साठवून ठेवतो, म्हणून मध्ये पाच सेकंद सिग्नल गेला तरी तुम्हाला कळत नाही. कॅमेऱ्याला लाइव्ह चित्र आगाऊ साठवता येत नाही. शिवाय मोबाइलमध्ये बहुधा दोन अँटेना असतात, साध्या कॅमेऱ्यात एकच, आणि त्याची पाठवण्याची ताकद राउटरपेक्षा कमी. म्हणून कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या सिग्नलच्या दांड्यांवर मी कधी विसंबत नाही. कॅमेऱ्याला राउटर किती ऐकू येतो, एवढंच त्या सांगतात. राउटरला कॅमेरा किती ऐकू येतो, हे राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत बघा. बऱ्याच राउटरांत तिथे प्रत्येक उपकरणासमोर सिग्नलचा आकडा असतो.

तो आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आणि उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. कॅमेऱ्यासाठी माझा हिशेब असा: उणे ६० किंवा त्याहून बरा असेल तर सिग्नलचा विचार सोडा. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ ठीक चालतो. उणे ७० ते ७५ च्या पट्ट्यात दिवस बरा जातो आणि पावसात, गर्दीत, दार बंद झाल्यावर त्रास सुरू होतो. उणे ८० ला कॅमेरा जोडलेला दिसला तरी उपयोगाचा नाही. या मोजणीत ३ डेसिबल कमी म्हणजे ताकद निम्मी आणि १० कमी म्हणजे दहावा हिस्सा, त्यामुळे ६७ आणि ७७ यांतला फरक वाटतो तसा किरकोळ नाही.

दुसरी मोजणी पिंगची, आणि तीच निकाल लावते. पिंग म्हणजे उपकरणाला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं. राउटरला केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून कॅमेऱ्याच्या आयपी पत्त्याला (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) पाच-दहा मिनिटं सलग पिंग चालू ठेवा. केबलने, हे महत्त्वाचं. लॅपटॉप वाय-फायवर असेल तर त्याचा दोष कॅमेऱ्याच्या माथी लागतो. उत्तरं दोन ते दहा मिलिसेकंदांत नियमित येत असतील तर घरातला दुवा निरोगी आहे आणि अडचण पुढे इंटरनेटच्या अपलोडमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर आहे. उत्तरं मध्येच पाचशेवर उडत असतील, शंभरातली दोन-चार येतच नसतील, तर दुवा वायरलेसमध्ये तुटतोय. आणि उत्तरं उत्तम येत असताना अचानक मिनिटभर एकही नाही, मग पुन्हा उत्तम, असं दिसलं तर कॅमेरा रीस्टार्ट होतोय. मग पुन्हा वर जाऊन वायरीचा भाग वाचा. (बॅटरीवर चालणारे कॅमेरे झोपलेले असतात, ते पिंगला उत्तर देत नाहीत. त्यांना ही चाचणी लागू नाही. काही वायरवाले कॅमेरेही पिंगला गप्प राहतात. तसा असेल तर राउटरजवळ असतानाच एकदा तपासून घ्या.)

तुमच्या १०० एमबीपीएसबद्दल इथेच सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, अपलोड कित्येक जोडण्यांत त्याहून कमी असतो. पण १०८० पिक्सेलचा एक कॅमेरा साधारण दोन ते चार एमबीपीएस पाठवतो. एका कॅमेऱ्यासाठी इंटरनेटचा वेग वाढवणं म्हणजे पैसे फुकट घालवणं.

समजा सिग्नलचा आकडा उणे ७४ डीबीएम निघाला. तरीही पहिलं काम खरेदीचं नाही.

राउटर कुठे आहे ते बघा. टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर असेल तर त्याला बाहेर काढा आणि डोक्याच्या उंचीवर ठेवा. त्याच्या शेजारी यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावली असेल तर ती लांब करा. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतं, आणि त्या डिस्कच्या केबलमधून नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, पण तो काही मिनिटांपुरता, म्हणून त्याचा त्रास ठरावीक वेळी दिसतो आणि ओळखायला सोपा असतो.

मग राउटर ते कॅमेरा अशी सरळ रेषा मनात ओढा आणि ती कशातून जाते ते बघा. विटेच्या भिंतीतून सिग्नल वाट काढतो. सळईच्या काँक्रीटमधून खूप दमतो. लोखंडी दार, मोठा आरसा, भरलेली पाण्याची टाकी, धातूचा मुलामा दिलेली काच यांच्यापुढे जवळजवळ थांबतो. लोक भिंती मोजतात, पण भिंत किती तिरकी लागते तेही धरायला हवं. सरळ समोरून जी भिंत २३ सेंटिमीटर जाड, ती ६० अंश तिरकं जाताना दुप्पट जाड होते. राउटर त्याच खोलीत दोन-तीन मीटर सरकवून रेषा भिंतीतून तिरकी न जाता तिला सरळ छेदेल किंवा खिडकीतून जाईल असं करता आलं, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

कॅमेऱ्याच्या बाजूलाही तेच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आहे. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे जोर वाढतो, कुठे दोघी एकमेकींना मारतात. म्हणून कॅमेरा वीतभर इकडे-तिकडे केला तरी आकडा पाच-दहा डेसिबलने बदलू शकतो. स्क्रू मारण्याआधी कॅमेरा हातात धरून दोन-तीन जागी एक-एक मिनिट आकडा बघत जा. तुमचा कॅमेरा गेटच्या लोखंडी खांबाला किंवा पत्र्याला चिकटून असेल तर तो थोडा पुढे, प्लास्टिकच्या डबीवर घ्या. धातूला टेकलेला अँटेना अर्धाअधिक निकामी होतो. बाहेरचा काडीसारखा अँटेना असेल तर तो आडवा राउटरकडे रोखू नका. काडीच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो, आजूबाजूला जास्त. दोन्हीकडचे अँटेना उभे ठेवा. अँटेनाचा जोड स्क्रूचा असेल तर तो उघडून बघा. हिरवा गंज दिसला तर कारण तिथेच सापडलं.

राउटरच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदलून बघाव्यात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. वेगाचा आकडा कमी दिसेल, पण गोंगाट कमी उचलला जाईल आणि कॅमेऱ्याला वेग नको, सातत्य हवं. चॅनल 'ऑटो' वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांतला जो मोकळा असेल तो पक्का करा. मधले ३, ४, ८ हे चॅनल मोकळे वाटतात, पण ते दोन्हीकडच्या शेजाऱ्यांवर चढतात आणि दोघांचाही त्रास अंगावर घेतात. तिसरं, २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर ती वेगळी करा आणि कॅमेरा २.४ वर बांधा. दोन पट्टे चालणारा कॅमेरा ५ गिगाहर्ट्झवर गेला की दोन भिंतींपलीकडे तो सहसा टिकत नाही. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर रडारची चाहूल लागली तर राउटरला नियमाने तो चॅनल सोडावाच लागतो, त्या वेळी कॅमेरा कारण न दिसता तुटतो. गेट जवळ असतं, मध्ये भिंत नसती, तर मी ५ च सुचवलं असतं, तिथे गर्दी कमी असते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६५ (तेच चित्र कमी डेटात पाठवायची पद्धत) असेल तर तो निवडा, फ्रेम २५ ऐवजी १५ करा आणि बिटरेटला (दर सेकंदाला पाठवायच्या डेटाला) वरची मर्यादा घाला. चालत आलेला माणूस ओळखायला १५ फ्रेम पुरतात. आणि लेन्ससमोरचं कोळिष्टक झाडा. रात्री इन्फ्रारेडमध्ये ते पांढरं लखलखतं, वाऱ्याने हलतं, कॅमेऱ्याला सतत हालचाल दिसते आणि डेटा विनाकारण वाढतो. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने काच पुसायची सवय ठेवा.

इतकं करून आकडा उणे ७० च्या अलीकडे येत नसेल, तेव्हा वस्तू घ्यायची. आणि तेव्हाही माझी पहिली पसंती लॅन केबललाच. तुमच्या कॅमेऱ्याला लॅन पोर्ट आहे का बघा, अनेकांना असतो आणि मालकाला तो माहीतच नसतो. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. पीओई (लॅन केबलमधूनच वीज) घेणारा कॅमेरा असेल तर त्याच केबलमधून वीजही जाते, म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न एका वायरीत सुटतात. मुख्य दाराच्या कॅमेऱ्याला मी केबलचाच आग्रह धरतो, कारण वाय-फाय मुद्दाम जॅम करता येतं आणि सुरक्षेसाठी लावलेला डोळा तेवढ्याने मिटू नये.

केबल शक्यच नसेल तर मेश (घरभर ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली वाय-फाय यंत्रं, म्हणजे नोड) किंवा रिपीटर. पण रिपीटर कॅमेऱ्याशेजारी लावू नका, ही चूक फार होते. तिथे त्यालाच राउटर धड ऐकू येत नसतो, तो तेच अर्धवट पुढे पाठवतो. त्याला मध्यावर, जिथे राउटरचा आकडा उणे ६० च्या आसपास आहे तिथे बसवा. एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुन्हा बोलणारा साधा रिपीटर वेग निम्मा करतो. एका कॅमेऱ्याला तो निम्मा पुरेल, चारांना पुरणार नाही. मेश घेतलं तर बसवल्यावर कॅमेरा एकदा बंद-चालू करा, नाहीतर तो जुन्या, लांबच्या नोडलाच धरून बसतो.

हे सगळं होईपर्यंत कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालून सलग रेकॉर्डिंग चालू ठेवा. नुसतं कनेक्शन तुटलं तरी पुरावा कार्डवर राहील. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं घ्या, साधं कार्ड लवकर खराब होतं आणि खराब कार्डामुळेही काही कॅमेरे अडकतात. तुम्ही दोनदा रीसेट केला आहे, त्यामुळे पासवर्ड पुन्हा मूळचा तर झाला नाही ना, तेही आजच बघून बदला.

तुम्ही आज रात्री इन्फ्रारेड बंद ठेवून बघा, आणि उद्या केबलवरून दहा मिनिटांची पिंग घ्या. कॅमेरा टिकला की नाही, राउटरच्या यादीतला डीबीएमचा आकडा, वायर किती मीटर आहे आणि ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर छापलं आहे, एवढं कळवा. त्यावरून वायर बदलायची की राउटर हलवायचा, ते सांगता येईल.